आईच्या गुडघेदुखीसाठी सीबीडी: बाटली निवडण्याआधी काय पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय 66 आहे, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे आणि दुखण्यामुळे रात्री दोन-तीन वेळा झोप मोडते. रक्तदाबाची, मधुमेहाची आणि रक्त पातळ ठेवण्याची अशा तीन गोळ्या रोज चालू आहेत. तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत: ऑनलाइन मिळणारे हेम्प तेल, शेजारच्या काकूंनी सुचवलेले विजयेचे, म्हणजे भांगेचे, थेंब, आणि अमेरिकेतील भाचा दिवाळीला येताना आणतो म्हणाला आहे ती सीबीडीची बाटली. यांपैकी कोणते चांगले आणि सुरुवातीला किती थेंब द्यावेत, असे तुम्ही विचारले आहे.

मी नागपुरात महाल भागात गेली 24 वर्षे आयुर्वेदाची चिकित्सा करतो आणि सुमारे 7 वर्षांपासून निवडक रुग्णांना विजयेची औषधे लिहून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की बाटली कोणती हा प्रश्न तुमच्या बाबतीत तिसरा आहे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी नेमकी कोणती, हा पहिला प्रश्न. या औषधाकडून गुडघ्याच्या दुखण्यात किती फरक पडण्याची वाजवी अपेक्षा ठेवता येते, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे मिळाल्याखेरीज थेंबांचा आकडा सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. म्हणून मी त्याच क्रमाने लिहितो.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू, कारण बाजारात तो पुष्कळ आहे. भांगेच्या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट द्रव्ये असतात आणि त्यांतील दोन मुख्य आहेत. टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य आहे. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे नशा आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 2018 मध्ये शुद्ध सीबीडीचे व्यसन लागण्याची शक्यता आढळत नाही, असा निर्वाळा दिलेला आहे. परंतु नशा येत नाही म्हणजे शरीरात काहीच घडत नाही, असा अर्थ काढणे चूक आहे. सीबीडी यकृतावर काम करते, इतर औषधांच्या पचनात ढवळाढवळ करते आणि म्हणूनच ते औषध आहे. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' असे मानून घरोघरी ते दिले जाते, त्याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते.

आता रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीकडे येतो. तुम्ही गोळीचे नाव लिहिलेले नाही आणि येथे नावावर फार काही अवलंबून आहे. आपल्याकडे या एकाच वर्णनाखाली चार निरनिराळ्या प्रकारची औषधे येतात. आईंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर त्या बहुधा वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल घेत असतील आणि ठरावीक दिवसांनी पीटी-आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी करीत असतील. ही औषधे यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) शरीरातून निघून जातात, त्या विकरांचे काम सीबीडी मंदावते. परिणामी गोळी तेवढीच घेतली तरी रक्तातील तिची पातळी वाढते, आयएनआर चढतो आणि रक्तस्राव होण्याचा धोका निर्माण होतो. कृत्रिम झडप असलेल्या एका रुग्णाला अपस्मारासाठी सीबीडी सुरू केल्यावर वॉरफेरिनची मात्रा सुमारे 30 टक्क्यांनी उतरवावी लागल्याची नोंद 2018 च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. त्या रुग्णाची तपासणी वरचेवर होत होती, म्हणून ते वेळीच लक्षात आले. घरी कोणालाही न सांगता थेंब सुरू केले असते, तर ते हिरड्यांतून किंवा त्याहून वाईट ठिकाणाहून रक्त आल्यावरच कळले असते.

गोळी क्लोपिडोग्रेल असेल, तर चिंता उलट दिशेची आहे. ते औषध यकृतात गेल्यानंतर कार्यक्षम होते आणि त्यासाठी लागणाऱ्या विकराला सीबीडी अडवते, त्यामुळे गोळीचा गुण कमी पडण्याची शक्यता राहते. ॲपिक्साबान किंवा रिव्हारोक्साबान असेल, तर वाढीचीच शंका आहे आणि त्यांच्यासाठी आयएनआरसारखी सोपी, नित्याची तपासणीही नसते. केवळ कमी मात्रेची ॲस्पिरिन असेल, तर धोका तुलनेने कमी आहे. उरलेल्या दोन गोळ्यांबद्दलही सांगतो. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन असेल, तर तिची पातळी वाढून पाय सुजणे किंवा उठताना भोवळ येणे असे होऊ शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी यकृतात मोडली जात नाही, मूत्रपिंडावाटे जशीच्या तशी बाहेर पडते, म्हणून तिची या प्रकारची अडचण कमी. मात्र मेटफॉर्मिन आणि सीबीडी या दोन्हींमुळे पोट बिघडू शकते. एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नये असे लिहिलेले असेल, तर सीबीडीच्या बाबतीतही थांबून विचारावे, हा ढोबळ नियम मी रुग्णांना सांगतो. आपल्या नागपुरी संत्र्यात ती अडथळा आणणारी द्रव्ये नगण्य असतात, त्यामुळे संत्री सोडण्याचे कारण नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की येथे लिहून ठेवणे बरे.

दुसरा प्रश्न अपेक्षेचा. येथे मला तुम्हाला थोडे निराश करावे लागेल, आणि मी स्वतः हे औषध लिहून देणारा असल्यामुळे ते स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. सीबीडीचा सर्वांत भक्कम पुरावा काही दुर्मीळ बालअपस्मारांसाठी आहे. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या दोन आजारांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने जून 2018 मध्ये एपिडायोलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. लोकांपुढे बोलताना वाटणाऱ्या भीतीवर ब्राझीलमध्ये झालेल्या लहान प्रयोगांत 300 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने फरक दिसला, आणि विशेष म्हणजे त्याहून कमी किंवा अधिक दिल्यावर तसा फरक दिसला नाही. गुडघ्याबाबत मात्र चित्र वेगळे आहे. व्हिएन्नामध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या 86 रुग्णांवर 8 आठवडे एक प्रयोग झाला आणि तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना पॅरासिटामॉलच्या जोडीला दररोज 600 मिलिग्रॅम सीबीडी आणि उरलेल्यांना पॅरासिटामॉलच्या जोडीला औषधविरहित नकली कॅप्सूल दिल्या गेल्या. दुखणे दोन्ही गटांत सारखेच कमी झाले. हाताच्या सांध्यांसाठी 20 ते 30 मिलिग्रॅम देऊन डेन्मार्कमध्ये केलेल्या प्रयोगाचा निष्कर्षही असाच होता. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये, उपलब्ध पुराव्यावरून वेदनेसाठी या गटातील द्रव्यांची शिफारस करता येत नाही, अशी भूमिका घेतली आहे.

मग मी ते का देतो, असे तुम्ही विचाराल. माझ्याकडे येणाऱ्यांत दीर्घकाळ दुखण्यामुळे झोप उडालेले, सतत काळजी करणारे आणि नेहमीची वेदनाशामके मूत्रपिंडामुळे किंवा पोटातील जखमेमुळे घेऊ न शकणारे रुग्ण असतात. त्यांतील काहींना विजयेच्या औषधाने झोप सलग लागते, आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशीचे दुखणे अधिक सुसह्य होते. हा माझा अनुभव आहे, तो प्रयोगाने सिद्ध झालेला नाही, आणि त्यात माझ्या बोलण्याचा, तूप-दुधाच्या पथ्याचा व मालिशीचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. गुडघ्याची झीज या औषधाने भरून निघत नाही. म्हणून आईंनी मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, वजनावर ताबा, पाटाऐवजी खुर्चीवर बसणे आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला यांतील काहीही या बाटलीच्या भरवशावर सोडू नये.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे तुमच्या तीन बाटल्यांकडे.

हेम्प तेल हे भांगेच्या झाडाच्या बियांचे तेल आहे. जवसाच्या किंवा तिळाच्या तेलासारखे ते खाद्यतेल आहे आणि भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2021 मध्ये त्याला अन्न म्हणून मान्यता दिली. त्या नियमांत एक किलो पदार्थात 75 मिलिग्रॅमहून अधिक सीबीडी नसावे अशी मर्यादा घातलेली आहे. याचा हिशेब करून पाहा: दोन चमचे, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटर तेल प्यायले, तरी पोटात जास्तीत जास्त पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास सीबीडी जाईल. म्हणजे औषध म्हणून त्याचा उपयोग नाही. वेष्टनावर पानाचे चित्र काढून आणि वेदनेचा उल्लेख करून हेच तेल छोट्या बाटलीत चढ्या दराने विकले जाते, आणि वडीलधारी माणसे निवृत्तिवेतनातून ते घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पोळीला लावायला किंवा चटणीत घालायला ते उत्तम आहे, त्या कामासाठी जरूर घ्यावे.

विजयेचे थेंब हे आयुर्वेदिक औषध आहे. विजया म्हणजेच भांग, आणि तिचे स्थान आपल्या शास्त्रात जुने आहे. शार्ङ्गधरांनी 'व्यवायी' द्रव्यांची, म्हणजे आधी सर्व शरीरात पसरून मग पचणाऱ्या द्रव्यांची, उदाहरणे देताना भांग आणि अफू यांचीच नावे घेतली आहेत. जातीफलादि चूर्णात ती आजही असते आणि जुनाट अतिसारात ते चूर्ण वापरले जाते. त्याच परंपरेने तिला विषारी द्रव्यांच्या गटात ठेवून शोधनाशिवाय, म्हणजे शास्त्रोक्त शुद्धीकरणाशिवाय, वापरू नये असेही बजावले आहे, आणि औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील ई-1 या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही ती आहे. म्हणून अशा बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना इंग्रजीत व हिंदीत छापलेली असणे बंधनकारक आहे. ती नसेल, किंवा आयुर्वेदिक औषधनिर्मितीच्या परवान्याचा क्रमांक नसेल, तर बाटली तेथेच ठेवावी.

या थेंबांबाबत दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण नवशिक्या माणसाची फसगत येथेच होते. पहिली गोष्ट आकड्याची. बाटलीवर 'विजया अर्क 3000 मिलिग्रॅम' असे लिहिलेले असते आणि लोक ते 3000 मिलिग्रॅम सीबीडी समजतात. तो सगळ्या अर्काचा आकडा असतो. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती आणि मेण, हरितद्रव्य, इतर पदार्थ किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दुसरी गोष्ट टीएचसीची. आपल्याकडील भांगेच्या पानांच्या अर्कात टीएचसी बहुतेक वेळा असतेच, आणि पुष्कळदा सीबीडीपेक्षा अधिक असते. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत सीबीडी लिहिले म्हणून आतील द्रव्य बदलत नाही.

हे मी एका चुकीतून शिकलो. विजयेची औषधे लिहून देऊ लागलो त्या पहिल्याच वर्षी सत्तरीच्या एका आजींना मी एका कंपनीचे थेंब दिले. कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलेली मात्रा मी तशीच लिहून दिली आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल मागितला नाही. आजींनी पहिल्या रात्री थेंब घेतले, तासाभराने काहीच जाणवले नाही म्हणून पुन्हा तेवढेच घेतले, आणि मध्यरात्री उठताना छाती धडधडून त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही, पण रात्र रुग्णालयात काढावी लागली. नंतर मी अहवाल मिळवला तेव्हा त्यात टीएचसी सीबीडीच्या दुप्पट असल्याचे दिसले. चूक कंपनीच्या कागदाइतकीच माझीही होती. त्या दिवसापासून बॅचचा अहवाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एकही बाटली लिहून दिलेली नाही.

अहवालात काय पाहावे, ते सांगतो. अहवाल कंपनीच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा नसून स्वतंत्र, एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा असावा. त्यावरील बॅच नंबर तुमच्या हातातील बाटलीच्या नंबराशी अक्षरशः जुळला पाहिजे. 'नमुना अहवाल' या नावाखाली संकेतस्थळावर ठेवलेला जुना कागद उपयोगाचा नाही. सीबीडी आणि टीएचसी हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे, मिलिग्रॅममध्ये किंवा टक्क्यांत दिलेले असावेत. शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम यांची तपासणी झालेली असावी, कारण हे झाड जमिनीतील जड धातू चटकन शोषून घेते. कीटकनाशके आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावकाचे अवशेष हेही त्यात असावेत. कंपनीने अहवाल देण्यास टाळाटाळ केली, तर तेच तुमचे उत्तर समजावे. हा आग्रह अवाजवी नाही. अमेरिकेत संशोधकांनी ऑनलाइन विकत घेतलेल्या 84 सीबीडी उत्पादनांची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वेष्टनावरील आकडा केवळ 31 टक्के उत्पादनांत बरोबर निघाला आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडले.

भाच्याच्या बाटलीबद्दल मी ठामपणे नको म्हणेन. अमेरिकेत 2018 च्या कृषी कायद्याने 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला हेम्प म्हणून मोकळीक दिली. तेथील बहुतेक सीबीडी अर्क त्या झाडाच्या फुलोऱ्यापासून काढतात. आपला 1985 चा अंमली पदार्थविरोधी कायदा मात्र टीएचसीचे टक्के पाहत नाही, तो झाडाचा भाग पाहतो. फुलोरा आणि राळ यांना तो गांजा व चरस मानतो आणि फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया यांना त्या व्याख्येतून वगळतो. म्हणून भारतात कायदेशीरपणे बनणारी विजयेची औषधे पानांपासून बनवतात. तिकडे औषधांच्या दुकानात सहज मिळणारी बाटली येथील विमानतळावर तुमच्या भाच्यासाठी गंभीर गुन्ह्याचे कारण ठरू शकते, आणि येताना त्याचे विमान आखातात थांबणार असेल तर धोका आणखी वाढतो. त्याला आजच कळवा, म्हणजे तो खरेदी करणार नाही.

पाने वगळली आहेत म्हणून घरी भांग आणून तेल उकळण्याचा सल्लाही काही जण देतात. तोही मानू नका. पानांचे नियमन राज्यांकडे आहे आणि महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना भांग बाळगता येत नाही. खांडव्याच्या बाजूला ब्रिटिश काळात सरकारी परवान्याने गांजा पिकत असे आणि तेव्हा तो भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता, हे जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. पण तो इतिहास आज कोणाच्या बचावाला येणार नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी घरच्या तेलात किती मिलिग्रॅम काय आले हे मोजण्याचा उपाय तुमच्याकडे नाही. विजयेचे औषध घेतल्यास वैद्याची चिठ्ठी आणि बिल बाटलीबरोबर ठेवावे, प्रवासात तर अवश्य.

येथपर्यंतचा भाग असा: गोळीचे नाव कळले पाहिजे, अपेक्षा झोपेपुरती आणि मर्यादित असावी, हेम्प तेल औषध नाही, परदेशी बाटली आणू नये, आणि विजयेचे थेंब घ्यायचेच ठरले तर अहवालासह व चिठ्ठीवर घ्यावेत. आता ते वापरण्याची रीत सांगतो. समजा, हृदयरोगतज्ज्ञांनी हरकत घेतली नाही आणि अहवालावरून टीएचसी अत्यल्प आहे असे दिसले.

थेंब हे माप फसवे आहे, म्हणून मी नेहमी मिलिग्रॅममध्ये बोलतो. 30 मिलिलिटरच्या बाटलीत एकूण 900 मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर एका मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅम झाले. ड्रॉपरने एक मिलिलिटर भरेपर्यंत किती थेंब पडतात, ते एकदा घरी मोजावे. पाण्याचे साधारण 20 पडतात, तेलाचे अधिक पडू शकतात. समजा 30 पडले, तर तुमच्या बाटलीचा एक थेंब म्हणजे एक मिलिग्रॅम. दुसरी बाटली आणली की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. व्हिएन्नातील प्रयोगात दिलेली 600 मिलिग्रॅमची मात्रा या बाटलीतून घ्यायची म्हटले, तर बाटली दीड दिवसात संपेल. यावरून प्रयोगातील मात्रा आणि बाजारातील मात्रा यांत किती अंतर आहे, हे तुमच्या लक्षात येईल. म्हणूनच दोन बाटल्यांची तुलना करताना बाटलीची किंमत पाहू नये, एका मिलिग्रॅम सीबीडीला किती रुपये पडतात ते काढावे.

या वयाच्या रुग्णाला मी रात्रीच्या जेवणानंतर 5 मिलिग्रॅमने सुरुवात करतो आणि पूर्ण एक आठवडा ती मात्रा बदलत नाही. रोज घेतलेले सीबीडी शरीरातून निम्मे कमी व्हायला सुमारे अडीच दिवस लागतात, म्हणून पहिल्या दोन रात्रींवरून काहीही ठरवता येत नाही. मात्रा साठत जाऊन स्थिर व्हायलाच जवळपास दीड-दोन आठवडे जातात. घरची माणसे तिसऱ्या दिवशीच 'गुण नाही' म्हणून थेंब दुप्पट करतात आणि मग दुसऱ्या आठवड्यात आई दिवसभर पेंगते. त्यापुढे गरज वाटली, तरच दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने वाढवतो, आणि 30 ते 40 मिलिग्रॅमच्या पुढे माझ्या जबाबदारीवर सहसा जात नाही. ब्रिटनच्या अन्न नियामकाने ऑक्टोबर 2023 मध्ये निरोगी प्रौढांसाठी अन्नपदार्थांतून दररोज 10 मिलिग्रॅमच्या वर सीबीडी घेऊ नये, असा सल्ला दिला आहे; आधी तीच मर्यादा 70 होती. औषध म्हणून, देखरेखीखाली यापेक्षा अधिक देता येते, पण स्वतःच्या मनाने घेणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

जेवणाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो मोठा आहे. सीबीडी तेलात विरघळते, उपाशीपोटी ते फारच थोडे शोषले जाते आणि स्निग्ध जेवणाबरोबर त्याची रक्तातील पातळी सुमारे चौपट होऊ शकते. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो उपवासांचा. आई चतुर्थी किंवा एकादशी करीत असतील, तर कडक उपवासाच्या रात्री तेच थेंब जवळपास वाया जातील आणि शेंगदाण्याचे कूट घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीनंतर घेतले तर एकदम जोर धरतील. म्हणून रोज एकाच वेळी, वरणभातावर चमचाभर साजूक तूप घेऊन झालेल्या जेवणानंतर द्यावे, आणि कडक उपवासाच्या दिवशी वगळावे. थेंब जिभेखाली मिनिटभर धरून मग गिळण्याची पद्धत आहे, ती करण्यास हरकत नाही, परंतु तेलाचा बराचसा भाग शेवटी पोटातच जातो. परिणाम दीड-दोन तासांनी जाणवू लागतो. मधल्या वेळेत दुसरी मात्रा देऊ नये. माझ्या त्या आजींचे नेमके तेच झाले.

सुरुवातीचे दोन आठवडे रात्री न्हाणीघरापर्यंतचा दिवा चालू ठेवा आणि आईंना उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसायला सांगा. झोपाळूपणा, तोंड कोरडे पडणे, जुलाब आणि भूक मंदावणे हे नेहमी दिसणारे दुष्परिणाम आहेत. मधुमेही रुग्णाची भूक मंदावली, तर गोळी तशीच चालू ठेवल्याने साखर उतरू शकते, म्हणून ते हलक्यात घेऊ नये. यकृताचा त्रास मोठ्या मात्रेत अधिक दिसतो; तरीही सुरुवातीला आणि महिन्याने एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी मी करून घेतोच. नागपुरात ती तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत होते आणि महाग नाही. झोपेची किंवा चिंतेची दुसरी गोळी चालू असेल, तर गुंगी दुप्पट होते, तेव्हा ती लपवू नये.

सांध्याला वरून लावण्याच्या सीबीडी मलमाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढे विचाराल. ते रक्तात फारसे जात नाही, त्यामुळे गोळ्यांशी संघर्ष कमी. पण गुडघ्याच्या सांध्यात ते कितपत पोहोचते, याचा खात्रीचा पुरावा नाही. कोमट तिळतेलाने केलेली मालिश आणि शेक यांनी तितकाच आराम मिळत असेल, तर जादा पैसे का घालवावेत?

साठवणुकीबद्दल बाहेरच्या शहरांतले लेखक सहसा लिहीत नाहीत, आपल्याला लिहावे लागते. उष्णता, प्रकाश आणि हवा यांनी सीबीडी हळूहळू नष्ट होते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, आणि कुरिअरच्या बंद गाडीत त्याहून अधिक तापते. म्हणून एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन मागवू नये, शक्य तर दुकानातून घ्यावे, बाटली गडद काचेची असावी, स्वयंपाकघरातील ओट्याजवळ न ठेवता शीतकपाटाच्या दारात किंवा खोलीतल्या सर्वांत थंड कपाटात ठेवावी, आणि उघडल्याची तारीख पेनाने वर लिहावी. घरात नातवंडे असतील, तर कुलपात ठेवावी. गोड चवीच्या चघळायच्या वड्या तर घरात आणूच नयेत.

काही जणांना मी हे औषध देतच नाही: गर्भवती व स्तनदा माता, यकृताचे रुग्ण, घरात कोणाला भ्रमाचा मानसिक आजार असलेले तरुण, आणि ज्यांना रोज वाहन चालवावे लागते असे, निदान पहिले काही आठवडे तरी. विदर्भात सिकलसेलच्या मुलांचे पालक वेदनेसाठी विचारायला येतात. त्यांची तगमग मी समजू शकतो, पण त्या मुलांसाठी मी नकार देऊन त्यांना त्यांच्या रक्तरोगतज्ज्ञांकडेच परत पाठवतो. अपस्माराच्या मुलांचा निर्णय मेंदुविकारतज्ज्ञांचा आहे, वैद्याचा नाही. व्हॅल्प्रोएट किंवा क्लोबाझाम ही अपस्माराची औषधे चालू असताना सीबीडी जोडल्यास यकृताच्या आणि अति गुंगीच्या अडचणी येतात, हे चांगले ठाऊक असलेले सत्य आहे.

शेवटी, थांबायचे कधी, हे सुरू करण्याआधीच ठरवा. एका वहीत रोज सकाळी तीनच गोष्टी लिहा: रात्री आई किती वेळा उठल्या, सकाळी दुखणे दहापैकी किती, आणि दिवसा पेंग आली का. थेंब सुरू करण्याआधीचा एक आठवडाही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सुरू केल्यापासून सहा आठवड्यांनंतर उठण्याची संख्या आणि दुखण्याचा आकडा होते तेथेच असतील, तर हे औषध आईंसाठी नाही असे समजून बंद करावे आणि उरलेले पैसे फिजिओथेरपीवर खर्च करावेत. शौचास काळे होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर निळे डाग, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास सहा आठवडे वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि थेंब चालू असल्याचे तेथील डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आज तुम्ही एवढेच करा. गोळ्यांच्या तिन्ही पट्ट्या समोर घेऊन त्यांवरील औषधांची मूळ नावे आणि मात्रा एका कागदावर उतरवा आणि तो कागद आईंच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या यादीत वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल असेल, तर त्यांनी लेखी परवानगी देऊन आयएनआरच्या तपासण्यांच्या तारखा ठरवून दिल्याशिवाय एकही थेंब देऊ नका. क्लोपिडोग्रेल किंवा इतर कोणतेही असेल, तर ते नाव मला कळवा, मग पुढचे बोलू.